मिग लिलावात निघालं तर...

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. १९६३ साली याच चंदीगडला ते पहिल्यांदा आलं होतं, म्हणजे ६२ वर्षांची नोकरी. आपल्याकडे माणूससुद्धा ५८ ला रिटायर होतो! त्या दिवशी आपल्या क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांनी सॅल्यूट टाकले, भावुक गाणी टाकली, आणि रात्रीपर्यंत चर्चा एकाच मुद्द्यावर येऊन थांबली. आता या विमानांचं काय करणार? आणि मग कुणीतरी लिहिलंच, "अमेरिकेत तर साधी माणसं फायटर विकत घेतात, शिकतात आणि उडवतात. आपल्याकडे का नाही?"

प्रश्न चेष्टेचा वाटला तरी चेष्टेचा नाही. अमेरिकेत खरंच तसं चालतं. चेकोस्लोव्हाकियात बनलेलं एल-३९ हे दोन सीटचं ट्रेनर जेट तिथे खासगी लोकांकडे मोठ्या संख्येने आहे. मिग-१५ आणि मिग-१७ सुद्धा आहेत. त्यांना 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून वेगळं सर्टिफिकेट मिळतं. ज्याला शिकायचं आहे त्याच्याकडे आधी साधं पायलट लायसन्स लागतं, काही तासांचा अनुभव लागतो, आणि मग एखादा निवृत्त फायटर पायलट मागच्या सीटवर बसून त्याला त्या विमानाचं रेटिंग मिळेपर्यंत शिकवतो. रशियात तर नीझनी नोवगोरोदच्या कारखान्याच्या धावपट्टीवरून पर्यटकांना मिग-२९ मध्ये बसवून वर नेत असत. पैसे मोजा, हेल्मेट घाला, उलट्या होतील त्याची पिशवी सोबत ठेवा.

आपल्याकडे हा रस्ता तयारच झालेला नाही. आपल्याकडचं मिग रिटायर झालं की चौकात सिमेंटच्या खांबावर बसतं. खाली नगराध्यक्षांच्या नावाची पाटी, वर कबुतरं. हवाई दल स्वतः काही जुनी विमानं उडती ठेवतं, टायगर मॉथ आहे, २०१८ ला परत आलेलं डाकोटा आहे. पण ती हवाई दलाचीच, पायलटही हवाई दलाचेच. तुम्ही-आम्ही लांबून बघायचं.

मग ही दारं उघडावीत का? माझ्या ग्रुपमधल्या बहुतेकांचं मत 'हो' असं आहे. माझं मत 'हो' पण नाही आणि सरळ 'नाही' पण नाही. ते नीट सांगता यावं म्हणून हा लेख. (इंग्लिश सेक्शनला दिला असता तर माझी निम्मी मेहनत वाचली असती, कारण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटला होते आणि मराठीचा पेपर मी कायम शेवटी सोडवायचे. पण ज्यांच्याशी या विषयावर खरं भांडण झालं ते मराठीत झालं.)

ते भांडण झालं शिरड शहापूरला. औंढ्याहून वसमतला जाताना लागतं ते आमचं गाव. दिवाळीत तिथे आजोबांच्या भावाला, म्हणजे आबांना, मी मोबाईलवर मिगचा शेवटचा व्हिडिओ दाखवत होते. आबांनी सगळा बघितला आणि विचारलं, "सरकारी जीप लिलावात निघती, रोडरोलर निघतो, मंग इमान का निघंना?" मी म्हटलं, आबा, निघालं तरी घेणार कोण आणि चालवणार कोण. तर म्हणाले, "माय, म्या ट्रॅक्टर घेतला तव्हा आधी डायवर बघितला, मंग ट्रॅक्टर. शिकीवणारा चांगला आसंल तर भंगारबी चालतंय. शिकीवणारा नसंल तर नवं कोरंबी बांधावरून खाली जातंय."

मी त्यांना लगेच हो म्हटलं नाही. मेकॅनिकलची विद्यार्थिनी असल्यामुळे माझं म्हणणं असं होतं की मशीन मुळात अवघड असेल तर शिकवणारा काय करणार? पण परत आल्यावर मिगबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी आबांचाच मुद्दा समोर आला.

थोडी थिअरी बघू, कंटाळू नका. मिग-२१ ला त्रिकोणी, म्हणजे डेल्टा पंख. आवाजाच्या दुप्पट वेगाला हे पंख मस्त. पण उतरताना? साध्या ट्रेनर विमानाचा वेग फार कमी झाला तर ते थरथरतं, नाक खाली टाकतं, म्हणजे पायलटला सांगतं की बाबा, चुकतंय. डेल्टा पंख तसं स्पष्ट सांगत नाही. वेग कमी झाला की नाक वर धरावं लागतं, नाक वर धरलं की ड्रॅग वाढतो, ड्रॅग वाढला की वेग अजून कमी होतो, आणि विमान नाक वर ठेवूनच जमिनीकडे खचत जातं. म्हणजे हळू उडायला जास्त ताकद लागते! वाचताना उलटं वाटतं, पण एरोडायनॅमिक्सच्या पुस्तकातला ड्रॅगचा कर्व्ह काढून बघा, डावीकडची बाजू वर चढलेली दिसेल.

बरं, ताकद लागते म्हणून थ्रॉटल पुढे ढकलला, तर जेट इंजिन लगेच ऐकत नाही. ज्यांची शेती आहे त्यांना हे पटकन कळेल. विहिरीवर मोटार चालू केली म्हणून शेवटच्या वाफ्याला पाणी लगेच येत नाही, दांडातून वाहत यायला वेळ लागतो. इंजिनचा कॉम्प्रेसर फिरून वेग घ्यायला तसेच काही सेकंद जातात. ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने उतरणाऱ्या विमानात ते काही सेकंद फार महाग पडतात. थोडक्यात, चूक दिसायच्या आधी सुधारावी लागते. ही गोष्ट पुस्तकातून येत नाही. ती मागच्या सीटवर बसलेला माणूस आवाजातून शिकवतो.

आणि त्या मागच्या सीटची गंमत ऐका. मिग-२१ च्या दोन सीटच्या ट्रेनरमध्ये मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला पुढचं नीट दिसतच नाही. म्हणून पुढच्या मॉडेल्समध्ये त्याच्यासाठी वर पेरिस्कोप बसवला, पाणबुडीसारखा! विचार करा, पोराचं पहिलं लँडिंग, तुमचा जीव त्याच्या हातात, आणि तुम्ही आरशातून धावपट्टी शोधताय. अशा सीटवर बसून ज्यांनी पोरं तयार केली, ती माणसं म्हणजे काय चीज असतील! मिगच्या निरोपाच्या दिवशी टीव्हीवर विमान दिसलं, जुने पायलट दिसले, पण पेरिस्कोपमागच्या माणसाबद्दल मला कुठे फारसं ऐकायला मिळालं नाही.

आता जरा कडू भाग. सरकारने नेमलेल्या ला फाँटेन समितीने १९८२ सालीच सांगितलं होतं की साध्या ट्रेनरवरून थेट मिगवर पोरांना बसवू नका, मधे एक आधुनिक जेट ट्रेनर घ्या. हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. ती हवाई दलात यायला २००८ उजाडलं. १९८२ ते २००८, सव्वीस वर्षं! माझ्या वयापेक्षा सहा वर्षं जास्त. मधल्या काळात आपल्याच वयाची पोरं किरणवरून उतरून मिगमध्ये चढत होती. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडा दिला. ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ पायलट गेले. आणि जमिनीवरचे ३९ साधे नागरिक गेले. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या १७१ मध्ये एक नाव मराठी घरातलं, फ्लाईट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगढला रात्रीच्या उड्डाणात त्यांचं मिग-२१ टेक-ऑफनंतर लगेच कोसळलं. दोष पायलटवर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही. पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००६ ला 'रंग दे बसंती' आला तेव्हा त्यातल्या पायलटच्या आईकडे बघून कित्येकांना त्याच आठवल्या. पण मला सिनेमापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. अभिजितचे वडील अनिल गाडगीळ हे स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. या दोघांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी फाउंडेशन काढलं आणि पुण्यात सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवणारी संस्था उभी केली. मुलगा गेला त्या विषयाकडे पाठ फिरवणं किती सोपं होतं. त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला घेतलं, आणि तेसुद्धा जमिनीवर, जिथे चूक केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

आता आपल्या ग्रुपमधल्या 'हो' वाल्यांकडे येते. तुमचं म्हणणं असं की अनुभवी इन्स्ट्रक्टर असेल, विमान नीट ठेवलेलं असेल, पैसे देणारा तयार असेल, तर सरकारला काय त्रास? दोन उदाहरणं सांगते.

इंग्लंडमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ ला एअर शो होता. हॉकर हंटर हे जुनं लष्करी जेट एक माजी रॉयल एअर फोर्स पायलट उडवत होता. अनुभवी माणूस. लूप घेताना सगळ्यात वरच्या बिंदूला विमान किमान ३५०० फुटांवर हवं होतं, ते २७०० वर होतं. खाली येताना जागा पुरली नाही आणि ते शेजारच्या हायवेवर पडलं. ११ माणसं गेली, एकही एअर शोच्या आतला प्रेक्षक नाही. रस्त्यावरून जाणारे आणि कडेला उभे असलेले. पायलट वाचला, पुढे कोर्टात निर्दोषही सुटला. त्यांच्या देशाने नंतर अशा जेट्सवर कडक बंधनं आणली.

दुसरं दक्षिण आफ्रिकेतलं. केपटाऊनला थंडर सिटी नावाची कंपनी होती, लाइटनिंग, हंटर, बकेनिअर अशी ब्रिटिश जेट्स बाळगणारी, पैसे देणाऱ्यांना त्यात बसवणारी. १४ नोव्हेंबर २००९ ला एका एअर शोमध्ये त्यांच्या लाइटनिंगला आग लागली. पायलटने बाहेर पडायचा प्रयत्न केला, पण वरचं कॅनपी उडालं नाही, इजेक्शन सीट सुटली नाही. चौकशीत देखभालीवर बोट ठेवलं गेलं. इंजिनिअर म्हणून इथे माझे कान टवकारले. इजेक्शन सीटमध्ये स्फोटकांची काडतुसं असतात, त्यांना एक्स्पायरी डेट असते. हवाई दल ती बदलत राहतं कारण त्यामागे अख्खी व्यवस्था उभी असते. खासगी मालक ती कुठून आणणार? आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला एचएएलने सहाशेहून अधिक मिग-२१ बनवली, पण ती लाईन कधीच बंद झाली. तिथे आता सुखोई. म्हणजे तुम्ही उद्या लिलावात मिग घेतलं तर टायरपासून काडतुसापर्यंत सगळं भंगारातून शोधा. त्यात शिकणार कोण, तर ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो. आणि पडणार कुठे? कुणाच्यातरी हळदीच्या वावरात. ते ३९ नागरिक कुठल्याही विमानात बसायला गेले नव्हते.

म्हणून मिगच्या खासगी उड्डाणाला माझा विरोध आहे. आणि व्हीआयपी फेऱ्यांचं कौतुक करून कुणी मला गप्प करू नये. जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना २००३ मध्ये मिग-२१ मध्ये बसले, कलाम सर ८ जून २००६ ला पुण्याच्या लोहगाववरून सुखोईत बसले, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी त्याच लोहगाववरून उडाल्या. मला तिघांचाही आदर आहे, प्रतिभाताईंचा तर जरा जास्तच. पण ते बसणं होतं, शिकणं नव्हतं. पैसे देऊन अर्धा तास मागे बसायची सोय झाली तर तेही बसणंच.

शिकण्याचं विचाराल तर माझं मत एकदम उलटं आहे. तिथे दारं सताड उघडी हवीत. आपल्याकडे हवाई दलात उत्तम शिकवणारी माणसं आहेत, त्यांना तांबरमच्या इन्स्ट्रक्टर स्कूलमध्ये शिकवायचं कसं हेसुद्धा वेगळं शिकवलं जातं. (आपल्या काही सरांना... जाऊ दे.) ती ऐन पन्नाशीत रिटायर होतात. काही एअरलाइनमध्ये जातात, बरेचसे घरी बसतात. चौकात मिग ठेवायला नगरपालिका खर्च करते, पण त्या मिगमध्ये दोनशे पोरांना शिकवलेला माणूस त्याच गावात भाजी आणायला जातो, त्याला कोणी ओळखत नाही.

आणि हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. बिदरचं हवाई दल केंद्र आपल्याकडून देगलूरमार्गे एका सकाळच्या अंतरावर आहे. १९५६ पर्यंत बिदर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, तिथे अजून मराठी बोलली जाते. ज्या हॉकसाठी देशाने सव्वीस वर्षं वाट बघितली ते पहिल्यांदा आलं बिदरला. आजही फायटर पायलट होणाऱ्यांची एक महत्त्वाची शाळा तीच. २०२१ ते २०२४ हवाई दलप्रमुख असलेले विवेक राम चौधरी मूळचे हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचे. ते मिग-२१ उडवलेले आणि स्वतः वरच्या श्रेणीचे फ्लाईंग इन्स्ट्रक्टर. हदगाव म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्याला लागूनच. तरी आपल्या कॉलेजमध्ये फर्स्ट इयरच्या पोरांना विचारा, 'इन्स्ट्रक्टर' म्हटलं की त्यांना ड्रायव्हिंग स्कूलची मारुती आठवते.

मग करायचं काय? निवृत्त मिगचे दोन सीटचे ट्रेनर चौकात नका लावू, मराठवाड्यातल्या एका तरी इंजिनिअरिंग कॉलेजला द्या. इजेक्शन सीटमधली काडतुसं काढा, इंधन काढा, पंख कापले तरी चालतील. कॉकपिट ठेवा. समोर स्क्रीन लावा. थ्रॉटल आणि स्टिकला सेन्सर जोडायचं काम आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून द्या, दरवर्षी तोच ट्रॅफिक सिग्नलचा प्रोजेक्ट तरी थांबेल. ड्रॅगचा तो उलटा कर्व्ह आम्ही मेकॅनिकलवाले प्रोग्रॅममध्ये घालू. आणि मागच्या सीटवर महिन्यातून दोन दिवस एक निवृत्त इन्स्ट्रक्टर बसवा, मानधन देऊन, फुकट नाही. पुढे बसणारा कोण? ज्याला बसायचंय तो. पायलट व्हायचं असो वा नसो. चूक दिसायच्या आधी सुधारायची सवय बॉयलर चालवणाऱ्यालाही लागते.

कुणी म्हणेल, आपल्या भागात असलं काही येणार नाही. का नाही? औंढा तालुक्यातच दुधाळ्याला लायगोची वेधशाळा मंजूर झाली, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले, गुरुत्वीय लहरी मोजायला! लहरी मोजणारं यंत्र येऊ शकतं तर एक पंख कापलेलं मिग ट्रेलरवर घालून आणायला काय अडचण आहे?

मुलींनी तर याच्यामागे जास्तच लागावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदीने जामनगरहून एकटीने मिग-२१ उडवलं, फायटर एकटीने उडवणारी पहिली भारतीय मुलगी. ती तिथे एकटी होती हे खरं, पण त्याच्या आधी शिकवताना मागे कुणीतरी बसलेलं होतं. हिंगोली-नांदेडच्या मुलीला पायलट व्हायचं म्हटलं तर पहिला प्रश्न फीचा येतो, लाखांत विचारतात, आणि विषय तिथेच संपतो. आपल्याला जमतं का, आवडतं का, भीती वाटते का, हे तपासायची स्वस्त जागाच कुठे नाही.

आपल्या मेकॅनिकल असोसिएशनने पुढच्या सेमिस्टरला दोन गेस्ट लेक्चर ठेवायचं ठरवलंय. एक मॅनेजमेंट गुरूंचं, ते पक्कं झालंय. दुसऱ्यासाठी नाव मागवलंय. मी अर्जात लिहून दिलंय, बिदर किंवा पुण्यात राहणारे कोणीही निवृत्त फ्लाईंग इन्स्ट्रक्टर, विषय त्यांनीच ठरवावा, प्रोजेक्टर नको, जाण्यायेण्याचा खर्च असोसिएशनने द्यावा. अर्जावर माझ्याशिवाय आत्तापर्यंत अकरा सह्या झाल्यात. चाळीस लागतात. कागद ड्रॉइंग हॉलच्या बाहेर, नोटीस बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात लावलाय, पेन दोऱ्याने बांधलेला आहे. आबांना बोलावता येत असतं तर त्यांनाही बोलावलं असतं, पण त्यांना सध्या हळद शिजवायच्या कामातून उसंत नाही.